सोबत

मिरज,
७ डिसेंबर २०२५

प्रिय दादा,

व्हॉट्सॲपवरचा तुझा बोललेला निरोप दोनदा ऐकला. मागून वहिनी गॅस बंद करायला ओरडत होती, तेही ऐकलं. असल्या गोष्टी मला बोलून नीट सांगता येत नाहीत, म्हणून कागद घेऊन बसले.

तुझा हिशेब कळला. तुझ्या नातीला, मुक्ताला बुद्धिबळात मुलींच्या गटात घातलं तर पहिल्या चारांत येऊन ती राज्य स्पर्धेला जाईल. खुल्या गटात घातलं तर मुलांच्या गर्दीत बारावी-तेरावी राहील. वर तू दिव्या देशमुखचा दाखला दिलास. जुलैत बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून नागपूरची ही पोर ग्रँडमास्टर झाली, आणि नोव्हेंबरात गोव्याला खुल्या विश्वचषकात दोनशेच्या वर खेळाडूंत एकटी मुलगी, ती पहिल्याच फेरीत बाहेर. “मग?” असं म्हणून तू थांबलास.

मग काही नाही. तिच्याबरोबर त्या फेरीत सत्तरच्या वर पुरुषही घरी गेले. त्यांनी कुठल्या गटात खेळावं, हे कुणाच्या आजोबांनी विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

धावण्याचं वेगळं आहे, ते मला मान्य. बोल्टचे ९.५८ सेकंद, ग्रिफिथ जॉयनरचे १०.४९. शर्यत एकच ठेवली तर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत बाई औषधालाही दिसायची नाही. पण प्यादं उचलायला दंड लागत नाही. आणि वेगळा गट म्हणजे दरवेळी बाईची सोयच असते, असंही समजू नकोस. १९९२ला बार्सिलोनात स्कीट नेमबाजीत बायका-पुरुष एकत्र होते. चीनच्या झांग शाननं सगळ्यांना मागे टाकून सुवर्णपदक नेलं. पुढच्या ऑलिंपिकला स्कीट फक्त पुरुषांचं! बायकांसाठी वेगळा गट नाहीच, तो आला २०००मध्ये. निर्णय म्हणे तिच्या पदकाआधीच झाला होता. असेल.

तुला १९७६ आठवतं का? बाबांनी कात्रण काढून पटाच्या खोक्यात ठेवलं होतं. मुंबईच्या खाडिलकरांची रोहिणी, वय तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. माझ्याहून वर्षानंच मोठी! केवढा गहजब झाला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी ठरवून दिलं, की राष्ट्रीय असो की आंतरराष्ट्रीय, बाई आहे म्हणून कुणाला खेळायला मज्जाव करता येणार नाही. रोहिणीनं त्या स्पर्धेत तीन राज्यांचे विजेते हरवले. पण तिनं महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपदही पाच वेळा जिंकलंय, १९८१ला हैदराबादला आशियाई महिला अजिंक्यपदही. एक दार उघडलं म्हणून तिनं दुसरं लावून घेतलं नाही. आणि तू मला विचारतोस, हे की ते.

युवेंची एक गंमत मला फार उशिरा कळली. १९२९ला कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत व्हेरा मेंचिक ही एकटी बाई होती. बेकर नावाच्या खेळाडूनं टूम काढली, की हिच्याशी जो हरेल त्याला ‘व्हेरा मेंचिक क्लब’चा सभासद करायचं, बरोबरी करणाऱ्याला नुसतं उमेदवार ठेवायचं. पहिला सभासद झाला बेकर. व्हेरा स्पर्धेत शेवटची आली, हे तू शोधून काढशीलच, म्हणून आधीच सांगते. पण पुढं त्या क्लबात मोठमोठी नावं आली आणि त्यांत युवे होते. विश्वविजेते व्हायच्या आधी ते तिच्याशी दोनदा हरले. १९७६चा निर्णय देताना त्यांना ते दोन डाव आठवले असतील, असं मला वाटतं. पुरावा नाही. बहिणीचा अंदाज समज.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. तुला वाईट वाटेल.

आपल्या वेळची ती पुण्याची स्पर्धा. तू सोळा, मी चौदा. त्या आठवड्यात मी तुला ओळीनं तीन डाव हरवलं होतं, तिसऱ्यात तर तुझा वजीर अडकला आणि तू पट उधळलास. फॉर्मवर दोघांची नावं होती. मग आई आजारी पडली, बाबांना रजा मिळेना, आणि मुलीबरोबर जाणार कोण? तू एकटा गेलास, एस.टी.नं, पोळ्यांचा डबा घेऊन. परत आल्यावर हरलेले डाव मलाच मांडून दाखवलेस. मला खेळू नको असं कुणीच म्हटलं नव्हतं, नियमही आडवा नव्हता. युवेंचा निर्णय होता, एस.टी. होती, सोबत नव्हती. त्यानंतर खेळले मी, पण गावातच, आई भिंतीशी विणत बसायची तिथवर. एका स्पर्धेत माझ्याकडून हरलेल्या गृहस्थांनी पंचांना सांगितलं, सकाळपासून डोकं दुखतंय. बाईकडून हरणाऱ्याचं डोकं नेहमी सकाळपासूनच दुखत असतं.

म्हणून मुलींच्या गटाला मी नावं ठेवत नाही. चाळीस मुलांत तीन मुली बसल्या की त्या जेवणाच्या सुट्टीतही एकमेकींना चिकटून असतात. त्यांना मैत्रिणी मिळायला, आईबापांना धीर यायला तो गट हवा. माझा राग आहे तो ‘हिच्यासाठी एवढं पुरे’ याच्यावर. ग्रँडमास्टर व्हायला २५०० गुणांकन लागतं, इंटरनॅशनल मास्टरला २४००, आणि ‘महिला ग्रँडमास्टर’ला २३००. किताबातच सूट! बुडापेस्टच्या पोल्गार बहिणींना हे पटलं नाही. थोरली सुसान १९८६ला पुरुषांच्या विश्वविजेतेपदाच्या पात्रतेत बसूनही तिला पुढं खेळू दिलं नाही. धाकटी ज्युडिट कधी महिलांच्या विश्वविजेतेपदाच्या वाटेला गेलीच नाही. जगात आठव्या क्रमांकापर्यंत चढली, २००२ला कास्पारोवला जलद डावात हरवलं. त्याच बहिणी १९८८ला ऑलिंपियाडमध्ये हंगेरीच्या महिला संघातून खेळल्या आणि सुवर्ण घेऊन आल्या.

तेव्हा या वेळी मुलींच्या गटाचा फॉर्म भर हवा तर, राज्य स्पर्धेचा अनुभव तिला मिळू दे. पण सांगलीला सुट्टीत खुल्या स्पर्धा असतात, तिथं मोठ्या माणसांसमोर तिला बसव आणि बारावी आली तर बर्फी वाट. आणि भरायच्या आधी तिला विचार. तुझ्या सात मिनिटांच्या निरोपात मुक्ता काय म्हणाली, ते कुठंच आलं नाही.

तिच्या बाबाला, चिन्मयला रजा नाही, तुझा गुडघा धड नाही, हे मला ठाऊक आहे. मी येते. शाळेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली, इथं माझी वाट बघणारं मांजरच आहे आणि ते शेजारी जेवतं. दोन दिवस असो की पाच, भिंतीशी बसेन. आईच्या सुया माझ्याकडंच आहेत.

वहिनीला नमस्कार. मुक्ताला पापा.

तुझी,
सुमी

ता. क. : तिनं पाठवलेला डाव मांडून पाहिला. बाविसाव्या खेळीला उंट मारायची घाई केली तिनं, घोडा पुढं काढला असता तर समोरच्याला जागाच नव्हती. तू सांगू नकोस. मी आल्यावर दाखवेन.