तिवरांच्या जागेवरची खोली

दिवा पश्चिमेला, खाडीच्या बाजूला आमची एक खोली आहे. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की आई आधी गॅसची टाकी पलंगावर चढवते, मग माझ्या मार्कशीटची पिशवी. २६ जुलै २००५ ला मी चार वर्षांचा होतो. बाबांच्या खांद्यावरून दिसलेलं काळं पाणी तेवढं आठवतं.

मागच्या पावसाळ्यानंतर चाळीत सह्यांचा कागद फिरला : खाडीला काँक्रीटची भिंत बांधा. पहिली सही आईची. मी मात्र अडलो.

भिंतीवर आपटलेलं पाणी परत फिरताना तिच्याच पायाची माती उकरतं. शिवाय आमच्याकडे येणारं बरंचसं पाणी पावसाचं, नाल्याचं. खाडी भरलेली असली की त्याला बाहेर जायला वाट नसते. भिंतीआड तेही अडकणार. तिवरांचं काम वेगळं. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्यांची मुळं पाण्याचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, आणि किनारा हळूहळू उंच होत जातो.

शेजारच्या आगरी आजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. "आमच्या भातशेतीला मातीचा बांध होता," त्या म्हणाल्या. "ओहोटीला उघाडी उघडली की आतलं पाणी खाडीत जायचं. पण बांधाबाहेरच्या तिवरांना कुणी हात लावायचं नाही. बांध तीच राखायची." मग थांबून म्हणाल्या, "तुमची चाळ आहे ना बाळा, तिथे तिवरंच होती."

मला ते माहीत होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड आणि त्यांच्यावरचा भराव थांबवायला सांगितलं. २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष झाला. तरी आमच्याकडे रात्री डेब्रिजचे डंपर यायचेच. अशाच भरावावर आम्ही स्वस्तात घर घेतलं.

मी कागदावर खाली लिहिलं : आधी राडारोडा उचला, नाला मोकळा करा, उरलेली तिवरं राखा. भरतीचं पाणी पुन्हा खेळू लागलं की त्याच्यासोबत बिया येतात, बऱ्याच ठिकाणी लावायचीही गरज पडत नाही.

आईने वाचलं. "झाडं मोठी होईपर्यंत पाणी थांबणार आहे का?"

नाही थांबणार. म्हणून नाल्याचं वाक्य मी वर घेतलं, आणि खाली एक ओळ वाढवली : खाडीलगतच्या घरांना दुसरीकडे पक्की जागा द्या. त्या घरांत आमचंही आलं. आईने पेन मागितला.