मालधक्क्याची पानं

६ जानेवारी २०२५

भोसरीतल्या आमच्या कारखान्यातून यंत्रांचे सुटे भाग देशभर जातात, आणि झाडून सगळे ट्रकनं जातात. यंदा गुवाहाटीकडची मागणी वाढली आहे. रेल्वेनं माल पाठवता येईल का, याचा अभ्यास डिस्पॅच विभागात माझ्याकडे आला. रोज जे कळेल ते त्या रात्री इथं लिहायचं असं ठरवलं आहे.

पहिली गोष्ट आजच समजली. प्रवासी गाडीला वेळापत्रक असतं, मालगाडीला बहुतेक वेळा ते नसतं. विभागाच्या कंट्रोल ऑफिसातले लोक प्रवासी गाड्यांच्या मधल्या फटीत तिच्यासाठी वाट काढतात. मागून एक्सप्रेस येत असेल तर मालगाडी लूप लाइनवर उभी राहते. मोकळ्या रुळावर ताशी पंचाहत्तर किलोमीटरनं धावू शकणाऱ्या मालगाड्यांचा देशातला सरासरी वेग पंचवीसच्या आसपास रेंगाळतो, त्याचं एक मोठं कारण हे थांबणं आहे.

९ जानेवारी

रेल्वे मालाचा विचार पेटीवर किंवा पोत्यावर करत नाही, रेकवर करते. रेक म्हणजे एकाच जातीच्या वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, पूर्ण गाडी. धान्य, खत, सिमेंट, साखर यांसाठी बंद वाघिणी, म्हणजे बीसीएन. कोळशासाठी वरून उघड्या बॉक्सएन, तेलासाठी टाक्या, कंटेनरसाठी सपाट बीएलसी. कंटेनरच्या रेकमध्ये पंचेचाळीस सपाट वाघिणी असतात आणि त्यांवर वीस फुटी नव्वद कंटेनर बसतात.

प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे जात सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची हे सांगतात आणि त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष. मग चार आकडी अनुक्रमांक, आणि शेवटचा आकडा क्रमांक बरोबर लिहिला गेला का हे तपासण्यासाठी. हा क्रमांक संगणकावरच्या फॉइस या प्रणालीत असतो, त्यामुळे देशातली कोणती वाघीण कुठे आहे, भरलेली आहे की रिकामी, हे सापडतं.

१४ जानेवारी

संक्रांत. कारखान्याला सुट्टी होती म्हणून फुरसुंगीच्या बाजूला गेले. तिथं अन्न महामंडळाची गोदामं आहेत. रेशनचा गहू-तांदूळ उत्तरेतून रेल्वेनं येतो आणि इथून पुढे जिल्ह्यात वाटला जातो. परतताना एका मालधक्क्यावर रेक रिकामा होताना पाहायला मिळाला.

बेचाळीस वाघिणींच्या रेकमध्ये सुमारे दोन हजार सहाशे टन माल मावतो. पोतं पन्नास किलोंचं धरलं तर बावन्न हजार पोती. ती माणसांच्या पाठीवरून उतरतात. रेल्वेनं त्यासाठी दिलेली मोकळी वेळ साधारण नऊ तास. ती उलटली की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, सुरू. मूळ दर एका वाघिणीला तासाला दीडशे रुपये, म्हणजे पूर्ण रेक अडकला तर तासाला सहा हजार तीनशे. शिवाय माल धक्क्यावरून वेळेत उचलला नाही तर व्हार्फेज वेगळं.

मुकादमांशी बोलले. ते म्हणाले, "ताई, गाडी दुपारी लागली काय नि रात्री दोनला लागली काय, घड्याळ तेव्हाच सुरू होतं. ट्रक नसले की पोरं बसून राहतात. ट्रक आले की सगळे एकदम येतात." धक्क्यावर सावली एका टोकाला होती आणि पिण्याच्या पाण्याचा नळ दुसऱ्या टोकाला. रेक सहाशे मीटरहून लांब असतो. मधल्या वाघिणीतून पोतं उतरवणाऱ्या माणसाला पाणी प्यायचं तर किती चालावं लागतं, हे तिथं उभं राहिल्यावरच समजतं.

१५ जानेवारी

कालचा धक्का डोक्यातून जात नाही. पुण्यात हे काम करणाऱ्यांचा मोठा इतिहास आहे. डॉ. बाबा आढाव यांनी पन्नासच्या दशकात इथं हमाल पंचायत उभी केली. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९चा, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची लढाई होती. शंभर किलोंचं पोतं माणसाच्या पाठीवर नको, पन्नासचं करा, हा आग्रह याच चळवळीनं वर्षानुवर्षं धरला. मालवाहतुकीच्या पुस्तकांत चढ-उताराचा खर्च एका रकान्यात येतो. त्या रकान्यात राबणाऱ्या पाठी असतात, हे पुणेकरांनी तरी विसरू नये.

२१ जानेवारी

कागदाची साखळी आज नीट समजून घेतली. माल पाठवणारा आधी वाघिणींची मागणी नोंदवतो, म्हणजे इंडेंट टाकतो. रिकामा रेक मिळाला की तो धक्क्यावर किंवा कंपनीच्या सायडिंगवर लागतो. माल भरतात, वजन होतं, आणि रेल्वे पावती निघते. सगळे तिला आरआर म्हणतात. पलीकडे माल सोडवून घेण्याचा हक्क या पावतीवर चालतो, आणि आता ती संगणकावरही मिळते. सुटण्याआधी ब्रेकची तपासणी होऊन तसा दाखला लोको पायलट आणि गार्डच्या हाती पडतो. गार्डला २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात.

भाडं मालाच्या वर्गावर आणि अंतरावर ठरतं. देशात वर्षाला दीडशे कोटी टनांहून अधिक माल रेल्वेनं जातो आणि त्यातला जवळजवळ निम्मा कोळसा असतो. रेल्वेच्या कमाईचा साधारण दोन तृतीयांश भाग मालाचा, आणि प्रवासी तिकिटातली तूट त्यातूनच भरून निघते. लोणावळा लोकलचं तिकीट स्वस्त राहतं त्यात कुठल्या तरी कोळशाच्या रेकचा वाटा आहे.

२ फेब्रुवारी, कर्जत

पुण्याचा माल समजायचा तर बोरघाट समजायला हवा, म्हणून आज कर्जतला उतरले. इथून लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास चढते. सगळ्यात तीव्र चढ सदतिसास एक. हिशेब साधा आहे: तिथं दर सदतीस टनांमागं एक टन जोर गाडीला मागं ओढत असतो. म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि गाडी ढकलत वर नेतात. उतरतानाची भीती वेगळी. ब्रेक सुटलेली गाडी सावरावी म्हणून घाटात चढावर नेणारी कॅच सायडिंग बांधलेली आहेत.

हा घाट बांधायला १८५६ साली सुरुवात झाली. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथं येताच वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेलं. १८६१मध्ये बेचाळीस हजार मजूर इथं राबत होते. त्यांतले किती कॉलऱ्यानं आणि तापानं गेले! त्यांची नावं कुठे नाहीत.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. खंडाळा ते पुणे गाडी १८५८मध्येच सुरू झाली, घाट १८६३मध्ये पूर्ण झाला. मधली पाच वर्षं मुंबईचा माल खोपोलीला उतरायचा, गाड्यांवर, बैलांवर, माणसांवर घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत भरला जायचा. दोन्ही बाजूंना रूळ तयार होते, तरी सगळा वेळ आणि पैसा मधल्या चढ-उतारात जात होता. आजच्या धक्क्यावरही तेच होतं आहे.

८ फेब्रुवारी

आपल्या राज्यातल्या दोन गाड्यांची माहिती आज जमवली. संकटात धावलेल्या या गाड्यांनी मालवाहतुकीचे मूळ नियम उघडे करून दाखवले.

पहिली मिरजेहून दुष्काळी लातूरला पाणी नेणारी 'जलदूत'. ती ११ एप्रिल २०१६ रोजी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेलाच्या टाक्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुऊन आणल्या होत्या. पन्नास वाघिणींची गाडी लगेच का सुटली नाही? कारण मिरजेत एवढ्या टाक्या एका वेळी भरण्याची नळांची सोय आधी उभी करावी लागली. लातुरातही उतरलेलं पाणी साठवायची आणि पुढे नेण्याची व्यवस्था लागली. रूळ, इंजिन, वाघिणी सगळं हजर होतं. मोठी गाडी अडली ती भरण्याच्या जागी.

दुसरी गाडी म्हणजे कोरोनाकाळातली ऑक्सिजन एक्सप्रेस. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला निघाले. टँकर वाघिणीवर चढवायला कळंबोलीत चोवीस तासांत रॅम्प बांधला गेला. बोगदे, पूल आणि विजेच्या तारा यांच्याखालून जाईल अशा उंचीचे टँकर निवडावे लागले. तरीही घाटातून परवानगी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेऊन गेली. भरलेले टँकर नागपूर आणि नाशिकला उतरले. आठवड्याच्या आत हे सगळं झालं. धक्का मनावर घेतला तर एका दिवसात तयार होतो, ही या गाडीनं दिलेली साक्ष आहे.

१५ फेब्रुवारी

आमच्या मालाचं काय, याचं उत्तर आता हळूहळू जुळतं आहे. चिंचवडहून नव्या मोटारी रेल्वेनं दूरच्या राज्यांत जातात, कारण कंपन्या पूर्ण रेक भरू शकतात. लोणी काळभोरला मुंबईचं तेल नळवाहिनीनं येतं, आणि टाक्यांच्या गाड्या ते पुढे नेतात. पुण्याहून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर मात्र मुख्यतः द्रुतगती मार्गानंच जातात. अंतर फार थोडं आहे. एवढ्या अंतरासाठी ट्रकवरून धक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीवर आणि पलीकडे पुन्हा उलट, हा खर्च भरून निघत नाही. अंतर हजार-दोन हजार किलोमीटर झालं की चित्र पालटतं. चढ-उताराचा खर्च तोच राहतो आणि दर किलोमीटरमागं रेल्वे स्वस्त पडू लागते.

म्हणजे न्हावा-शेव्यासाठी ट्रक ठीक, गुवाहाटीसाठी रेल्वे योग्य. अडचण एकच आहे: आमच्यासारख्या कारखान्याचा माल महिन्याला एक-दोन कंटेनर भरेल एवढाच, आणि गाडी नव्वद कंटेनरची.

२२ फेब्रुवारी

आज मालकांना अहवाल दिला. त्यातला गाभा इथं उतरवून ठेवते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला चार पंचमांशांहून अधिक माल रेल्वेनं जात असे. आज तो वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. रस्त्यावर गेलेल्या मालाचा धूर आणि त्याचे अपघात आपण नगर रस्त्यावर, सोलापूर रस्त्यावर, नवले पुलाच्या उतारावर रोज सोसतो. हा माल रुळावर परत यायला हवा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी नुसती वेगवान इंजिनं पुरणार नाहीत. मालाचा वेळ जिथं जातो ती जागा सुधारली पाहिजे.

पुणे–लोणावळा या चौसष्ट किलोमीटरवर १९७८पासून लोकल धावते, वर एक्सप्रेस गाड्यांची गर्दी. तिसरी-चौथी लाइन मागताना आपण प्रवाशांपुरतं बोलतो. मालगाडीसाठीही ती तितकीच हवी. मालधक्के शहराबाहेर ढकलताना तिथवर ट्रकला धड रस्ता, रात्री उजेड, पूर्ण लांबीची सावली, पाणी आणि स्वच्छतागृहं द्यायला हवीत. हमालाची सोय झाली तर रेकही वेळेत सुटेल.

भोसरी, चाकण, रांजणगावच्या लहान कारखानदारांना माझी विनंती आहे. ईशान्येला, उत्तरेला, पूर्वेला जाणाऱ्या मालाची यादी करा. शेजारच्या कारखान्याला विचारा. चाळीस-पन्नास जणांचा माल ठरलेल्या दिवशी एकत्र आला तर कंटेनर गाडी चालवणाऱ्यांशी बोलणी करता येतात. एकट्यानं ती होत नाहीत. आमच्या कारखान्यानं आपली यादी तयार केली आहे आणि शेजाऱ्यांना पत्रं पाठवली आहेत. तुमचीही यादी करा.