जुमेरातची चंपी

जुन्या नाशिकमधल्या आमच्या घरात जुमेरातची संध्याकाळ म्हणजे डोक्याला तेल, हे ठरलेलंच होतं. असरची नमाज झाली की दादी चटईवर बसायच्या आणि आम्ही मुली-सुना एकामागून एक त्यांच्या पुढ्यात. दुसऱ्या दिवशी जुमा, म्हणजे न्हाणं आलंच. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि नाशिकची जानेवारी काही विचारू नका! बाटली दुपारपासूनच गच्चीवर उन्हात ठेवावी लागे.

वडाळा रोडला फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि ही बैठक मोडली. कुणाचा क्लास, कुणाची नोकरी, कुणाला तेलाचा वास नको. त्यात काही बिघडलं असं आम्हाला वाटलंही नाही.

मागच्या हिवाळ्यात दादींनी हट्टाने धाकटीला पुढ्यात बसवलं. पोर अकरावीत. स्कार्फ काढायलाच तयार नाही. शेवटी काढला, तेव्हा दादींचा हात कपाळापाशीच थांबला. दोन्ही कानशिलांच्या वर केस इतके विरळ झाले होते की कातडी दिसत होती. सात-आठ महिने ती हे लपवत होती, घरातसुद्धा. मैत्रिणी हसतील, पुढे रिश्ता कसा जमेल, असलं काय काय तिच्या मनात. एकाच घरात आम्ही चार बायका, आणि कुणाला पत्ता नाही. पत्ता लागणार कसा? त्या डोक्यावर महिनोन्‌महिने कुणाचा हातच फिरला नव्हता.

दादींनी लगेच एरंडेल काढलं. रोज चोळते, चाळीस दिवसांत केस येतात की नाही बघा, म्हणाल्या. आम्ही मात्र तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, केस बांधतेस कसे? मग सगळं बाहेर आलं. सकाळी ओल्या केसांचाच घट्ट बुचडा, त्यावर कपाळाला आवळणारी टोपी, त्यावर स्कार्फ आणि पिना, तेही नऊ-दहा तास. रोज एकाच जागी ताण पडला की मुळं थकतात. याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. ताण वेळीच थांबवला तर केस बहुतेक वेळा परत येतात; वर्षानुवर्षं चालू राहिला तर मुळंच जातात. वेणी आवळून बांधणाऱ्या कुणालाही हे होतं, त्यात स्कार्फचा दोष नाही. तेलाने नवा केस उगवत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परतताना दादी रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत.

मग तेल कशाला? तर आहे तो केस सांभाळायला. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. बाकीच्या दोन्हींना ते जमलं नाही. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे लक्षात ठेवावं, पण आमचा अनुभवही तोच. मात्र कोंडा असेल तर रात्रभर तेल थापणं उलटं पडतं, कारण कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. आता आम्ही न्हाण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला थोडंसं लावतो. वुजूचा प्रश्न दादींनी स्वतःच निकाली काढला: तेल म्हणजे नेलपॉलिश नव्हे, त्याचा थर बसत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. गावात नळाला गंगापूर धरणाचं पाणी यायचं. इथे वापराला बोअरचं, जड. त्याने केस काथ्यासारखे होतात. म्हणून शेवटच्या धुण्याला नळाचं पाणी दोन तांबे राखून ठेवतो. त्याआधी हलकं कंडिशनर, रुपयाच्या नाण्याएवढं, फक्त खालच्या निम्म्या केसांना. मुळाशी लावलं तर केस चिप्प बसतात. बाटली संपली की जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करून त्याचा बुळबुळीत रस लावतो. तो मेथीपेक्षा लवकर निघतो आणि वासही नाही. मेथीचे कण दुपट्ट्यावर पडलेले आम्ही पुष्कळ झटकले आहेत.

एक गंमत धाकटीनेच वाचून सांगितली. इंग्रजीतला ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्या चांपण्या-चंपीवरून गेला. पाटण्याच्या शेख दीन मुहंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटन इथे स्नानगृह काढलं आणि गोऱ्या साहेबांना मालिशची गोडी लावली. पुढे राजा चौथा जॉर्जही त्यांचा गिऱ्हाईक झाला. दादींना हे फार आवडलं. ‘मग राजाचे केस आले का?’ एवढंच त्यांनी विचारलं.

आता धाकटी मानेवर सैल वेणी घालते, केस वाळल्यावरच सुती टोपी चढवते आणि घरात आली की आधी पिना काढते. चार महिन्यांनी कानशिलांवर लव दिसू लागली. डावीकडे अजून विरळच आहे. जुमेरातची चटई पुन्हा अंथरली जाते. दादींची बोटं आता दुखतात, म्हणून आम्ही आळीपाळीने बसतो, आणि शेवटी धाकटी दादींच्या पांढऱ्या केसांना तेल लावते.