धाकटी धमनी

चारचौघांत ज्याचे नाव काढायचे नाही, असे दुखणे पन्नाशीनंतर माझ्या वाट्याला आले. मधुमेह जुनाच. भिंतीवरच्या जाहिरातींतल्या वैद्यांकडे न जाता मी बेळगावात डॉक्टरांना गाठले. त्यांनी डॉप्लर सोनोग्राफी सुचवली.

१९८५ साली अमेरिकेत टॉम ल्यू आणि सहकाऱ्यांनी ही तपासणी मांडली. शिस्नात इंजेक्शन देऊन धमनीतल्या रक्ताचा वेग पडद्यावर मोजायचा. सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर धमनी अरुंद असण्याचा संभव. वेग उत्तम, पण दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातही तो ५ च्या वर राहिला, तर शिरांतून रक्त निसटत असल्याचा संशय.

माझा वेग कमी निघाला. "आता हृदयही तपासू," डॉक्टर म्हणाले. ही धमनी जेमतेम १-२ मिलिमीटरची, हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या. त्यामुळे मेद साचू लागला की बहुधा धाकटी आधी कुरकुरते, थोरल्या काही वर्षांनी.

घरी सौ.ला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, मला वाटत होतं, माझ्यावरचं तुमचं मनच उडालं."

दोन वर्षे तिने हे मनात ठेवले होते. हृदयाच्या तपासणीला ती बरोबर आली.