लिहायची पाटी साधीच बरी



आमच्या शेतकरी गटाच्या वेबसाइटवर मी पिकाची टिपणं लिहितो. आधी एकच पांढरी चौकट असायची. तारीख, प्लॉट, औषध, पंपाला किती मिली, पाऊस. सगळं एका दमात लिहून मोकळं. अपडेट आलं अन् प्रत्येक परिच्छेदाचा वेगळा ठोकळा झाला. बांधावर उभं राहून मातीच्या बोटानं आकडा टाकायला गेलं की ठोकळाच वर-खाली सरकतो. आकडा भलत्या औषधापुढं गेला, तर वाचणाऱ्याचं पीक करपायचं.

ही तक्रार एकट्याची नाही. वर्डप्रेसनं डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीत असाच ठोकळ्यांचा एडिटर आणला, तेव्हा लिहिणाऱ्यांनी लई ओरड केली. पण 'क्लासिक एडिटर' नावाच्या प्लगइनमधून जुनी चौकट वापरायची सोय त्यांनी ठेवली.

ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र आलं म्हणून आपण तिफण लगेच मोडली नाही. यंत्र वळत नाही ते कोपरे तिनंच पेरले. नव्याला ना नाही, पण हात सरावेपर्यंत जुनं चालू राहू द्या. नाहीतर एडिटर चकाचक राहील अन् लिहिणारे गप बसतील.

तोवर टिपणातला डोस औषधाच्या लेबलाशी ताडूनच फवारा.