परक्या संगणकातली एक खोली

घरात संगणक नसेल तर संगणक शिकता येईल का? दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीने मला हा प्रश्न विचारला. तिला तंत्रनिकेतनात डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता. वडील मासेमारीच्या बोटीवर खलाशी, खोली एकच, माणसं सात. फोन होता, पण तो तिचा आणि थोरल्या भावाचा मिळून. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका संगणकावर तीन जण बसायचे आणि की-बोर्ड बहुतेक वेळा तिसऱ्याच्याच हातात असायचा.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला संगणकाचा एक छोटा पेपर होता, त्यापलीकडे माझं या विषयातलं शिक्षण नाही. पण कॉलेजात असताना 'शेल अकाउंट' हा शब्द कानावर पडला होता. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा स्वस्तातलं खातं हेच होतं. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. आपण घरून फोन लावायचा आणि पलीकडच्या युनिक्स संगणकावर आज्ञा टाइप करायच्या. काम तो संगणक करायचा, आपल्याकडे फक्त पडदा आणि कळा.

ही सोय आजही जगात काही ठिकाणी फुकट मिळते, हे शोधल्यावर कळलं. त्यातलं जुनं आणि नावाजलेलं ठिकाण म्हणजे अमेरिकेतलं एसडीएफ. 1987 साली जपानी कार्टूनच्या काही शौकिनांनी एका ॲपल टू-ई संगणकावर ते सुरू केलं. 'सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस' हे नावही मॅक्रॉस नावाच्या जपानी मालिकेतलं. आज तिथे नेटबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली चालते. 'एसएसएच'ने जोडून घ्यायचं, 'न्यू' नावाने आत शिरायचं, आपल्यासाठी एक नाव निवडायचं, झालं खातं. सुरुवातीला मोजक्याच आज्ञा चालतात. नाममात्र देणगी दिली की पुढची दारं उघडतात. कतारमधल्या माझ्या भाईने त्याच्या कार्डावरून आम्हा दोघींचे पैसे भरले. दोघींची खाती वेगळी, पासवर्ड वेगळे.

फोनवर टर्मक्स नावाचं ॲप घेतलं आणि शाळेतल्या बंद पडलेल्या संगणकाचा की-बोर्ड मुख्याध्यापकांना विचारून आणला. तो फोनला जोडायला ओटीजीची छोटी पिन लागली. एवढ्या सामानावर तिचा अभ्यास सुरू झाला. दाबलेलं अक्षर अमेरिकेला जाऊन परत यायला क्षणभर वेळ लागतो, त्याची सवय होते. नुसती अक्षरं येत-जात असल्याने डेटा जवळजवळ लागतच नाही. खाडीकाठी ज्या रेंजमध्ये व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहतो, तिथेही हे चालतं.

पहिल्या दिवशी 'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा आली आणि आम्ही हसलो. आपल्याकडे पीडब्ल्यूडी म्हणजे रस्त्यावरचे खड्डे. युनिक्समध्ये त्याचा अर्थ, मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहे ते सांग. 'हू' म्हटलं की याच संगणकावर आत्ता आणखी कोण कोण आहे, त्यांची यादी येते. एका यंत्रावर एकाच वेळी इतकी माणसं कशी, याचं तिला नवल वाटलं. 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं, तेव्हा संगणक इतके महाग होते की एकेकाला एकेक देणं परवडणारं नव्हतं. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, ही त्या काळची गरज होती. आमच्या गावात ती अजून आहे.

माझ्यासाठी सगळ्यात मोठा धडा 'डब्ल्यूसी' या आज्ञेने दिला. नावावर हसून झालं, पण तिचं काम मोजणीचं: ओळी, शब्द, अक्षरं, बाइट. मी 'किताब' हा शब्द तीन लिप्यांत लिहून मोजला. रोमनमध्ये पाच अक्षरं, पाच बाइट. उर्दूत काफ, ते, अलिफ, बे अशी चार अक्षरं; प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे आठ. देवनागरीत वेलांटी आणि काना वेगळे धरले जातात, म्हणून पाच चिन्हं. प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे पंधरा. काफखालचा जेर उर्दूत आपण लिहीत नाही, वाचणारा तो मनातून भरतो. मराठीत ऱ्हस्व वेलांटी सोडली तर शब्दच बदलतो. वीस वर्षं मी हेच फळ्यावर सांगत आले, पण मुलांना ते नियम वाटायचे. आता आकडा दाखवला की ती स्वतः विचारतात, "टीचर, मग उर्दूत एक कुठे गेला?"

मात्र पडद्यावर या दोन्ही भाषांचे हाल होतात. देवनागरीच्या मात्रा अक्षरापासून सुटून पडतात. उर्दूची अक्षरं एकमेकांचा हात सोडतात आणि ओळ उलटी, डावीकडून चालू लागते. फाइलमध्ये सगळं बरोबर असतं, दाखवणाऱ्या टर्मिनलला ते जोडता येत नाही. ज्यांनी ही यंत्रं बांधली त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या लिप्या नव्हत्या. त्या दुरुस्त करणाऱ्यांत उद्या आपली मुलं असावीत, असं मला वाटतं. त्यासाठी त्यांना आधी आत तरी जाता आलं पाहिजे.

तिला मात्र वेगळीच गोष्ट आवडली. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलवर तीन जणांचे हक्क लिहिलेले असतात: मालक, गट आणि इतर. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. आपल्या फोल्डरला 700 दिलं की मालकाला सगळं आणि बाकीच्यांना शून्य. तिने ते केलं आणि कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "टीचर, घरात माझं एक कपाटसुद्धा नाही." फोन भावाच्या हातात गेला तरी पासवर्डशिवाय हे दार उघडत नाही. सात माणसांच्या खोलीत वाढलेल्या मुलीला पहिली स्वतःची जागा अशी मिळाली.

मी तिला पुढचंही सांगितलं. या वाड्याच्या मालकाकडे प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली असते. युनिक्समध्ये त्याला रूट म्हणतात, आणि 700 त्याला अडवत नाही. शिवाय फुकटचं दार उद्या बंदही होऊ शकतं. म्हणून कुणाला कळू नये असं तिथे ठेवायचं नाही आणि जे हरवू नये त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवायची. आणि ज्या यंत्रावर शेकडो लोक राहतात, तिथे आपल्या कामाने दुसऱ्याचं काम अडणार नाही हे पाहायचं. आमच्या घरात नळाला पाणी आलं की अम्मी हेच सांगायची.

सगळं शिक्षण यावर होत नाही. तिच्या अभ्यासक्रमात चित्रांचे, खिडक्यांचे विषय आहेत, त्यांना खरा संगणकच लागतो. फुकट खात्यावर सगळी साधनंही मिळत नाहीत. पण लिनक्सच्या प्रॅक्टिकलला तिला कुणाच्या खांद्यावरून पाहावं लागलं नाही, आणि आता प्रयोगशाळेत अडलेल्या मुली तिला हाक मारतात. गेल्या महिन्यात तिने वर्गातल्या दोघींना खाती उघडून दिली. त्यांच्यासाठी आज्ञांची एक वही केली आहे. डावीकडून उघडली की मराठी, उजवीकडून उघडली की उर्दू. त्यातली शुद्धलेखनाची तपासणी तेवढी माझ्याकडे आहे.