साधनाचा चुडीदार

बी.ए.ला असताना दूरदर्शनवर ‘वक्त’ पाहिला आणि साधनाच्या तंग चुडीदार-कुर्त्यांनी वेड लावलं. गॅदरिंगसाठी मी अम्मीच्या निकाहातल्या साडीवर कात्री चालवली, तीही न विचारता. चुडीदाराचं कापड उरेब कापायचं असतं, तेव्हाच ते पायाला ताण देतं. मी सरळ कापलं, गुडघाच वाकेना. अम्मी एवढंच म्हणाली, “बेटा, आधी कापड समजून घे, मग कात्री उचल.” उरलेल्या साडीची तिने ओढणी करून दिली.

साधनाचे ते कपडे कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे. १९८३ साली ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय. हे मला बी.एड.नंतर कळलं. तोवर अम्मी गेली होती. ओढणी मात्र अजून वापरते.